मामा नाईलवर होता

माझ्या मुलीचं उष्टावण दोन महिने लांबलं, कारण तिचा मामा नाईल नदीवर एका बोटीत पडून होता.

"पडून" हा शब्द माझा नाही, त्याचाच आहे. खार्टुमहून त्याचं कार्ड आलं तेव्हा शुभाला चौथा महिना संपत आला होता. आईने त्याला आधीच कळवलं होतं : मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात, पाचव्यात करायचं म्हणतोय, पहिला घास मामाच्या हातचा, तेव्हा वेळेत ये. त्यावर आमच्या नंदकिशोरांचं उत्तर असं, की रेल्वेने बंदरावर गेलो तर मुंबईचं जहाज मिळेल, पण इथून नाईलवरून वर, दक्षिणेला जाणारी एक जुनी बोट आहे, अतिशय हळू जाते, नुसतं पडून राहायचं आणि आफ्रिका बघायची. घाई कशाला? भाचीला म्हणावं, मामा येतोच आहे.

भाची काय म्हणणार होती? ती आमच्या ताटांकडे बघून तोंड हलवत होती.

डॉक्टर म्हणाले, आता वरचं सुरू करा. सासूबाई म्हणाल्या, मामा आल्याशिवाय नाही. एकुलता एक मामा, धडधाकट, आणि त्याच्या मागे परस्पर घास भरवायचा? शेवटी दया येऊन त्यांनी एक सवलत दिली. पेजेचं पाणी चालेल, शीत नको. पाणी म्हणजे काही अन्न नव्हे. मग मी, बी.एस्सी. झालेली, लग्नानंतरही दोन वर्षं अंधेरीच्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली बाई, रोज सकाळी बोरिवलीच्या स्वयंपाकघरात मलमलच्या फडक्यातून पेज गाळायची. चुकून एखादं शीत खाली गेलंच, तर ते चमच्याने काढून टाकायची. का, तर एक मनुष्य आफ्रिकेत निवांत होता.

बोट म्हणे पाणवनस्पतींत अडकली. पाचवा महिना गेला. सहावा सम, म्हणून बाद. नंदू अवतरला तो सातव्यात.

बॅलार्ड पिअरला त्याला आणायला आई, मी आणि "हे", म्हणजे माझा नवरा, असे तिघे गेलो होतो. छातीपर्यंत दाढी, पायात टायरच्या चपला, पाठीवर हमालासारखं बोचकं. जुहूच्या वाळूत असे गोरे दिसले की माझी आई पदर नाकाला लावायची, म्हणायची, यांना आईबाप नाहीत का? स्वतःचा मुलगा तसाच होऊन उतरला तर म्हणाली, "किती वाळलंय गं माझं पोर!"

दोन वर्षं हा बाहेर. इंजिनियरची चांगली नोकरी सोडून गेला. हँबर्गमध्ये हॉटेलात बशा विसळल्या. इथे घरात कधी स्वतःची चहाची बशी उचलून ठेवली नाही, त्याने तिकडे हजारो विसळल्या आणि त्याला अनुभव म्हणायचं. असो. आईकडे अंधेरीला आठदहा दिवस भक्तमंडळींचा दरबार भरला, आणि मग एका शनिवारी संध्याकाळी स्वारी आमच्याकडे आली. दुसऱ्या दिवशी सकाळी उष्टावण, आदल्या संध्याकाळी स्लाइड्स, असा बेत आमच्या सोसायटीचे चेअरमन नाना यांनी ठरवला होता. प्रोजेक्टर त्यांच्या ऑफिसचा होता. उत्साहही त्यांचाच.

आमच्या दोन खोल्यांत सगळी सोसायटी लोटली. भिंतीवर माझी पांढरी चादर लावली. मी शुभाला घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले, कारण बसायला जागा नव्हती आणि कुणी सरकलंही नाही.

"ही आपली बोट," नंदू म्हणाला. चादरीवर गंजलेल्या पत्र्याचं एक दुमजली धूड आलं. त्याला दोन्ही बाजूंनी आणखी होड्या बांधलेल्या. माणसं, बकऱ्या, गाठोडी, चुली. "वरती पहिला वर्ग. मी अर्थातच खाली. डेकवर. लोकांच्यात."

"अर्थातच," नाना म्हणाले.

"वेळ नावाची गोष्टच नाही तिथे. सूर्य उगवतो, मावळतो. किनारा हलतोय की आपण, कळत नाही. मला वाटलं, आपण इथे मुंबईत काय धावत असतो! कशासाठी?"

"खरंय हो," शेजारची कुंदा म्हणाली. ही कुंदा सकाळी नळ जायच्या आत कपडे झाले नाहीत तर पोरांना बडवते. वेळ नावाची गोष्ट नसती तर तिचं कसं झालं असतं, कोण जाणे.

"जेवायचं कसं रे?" आईने विचारलं.

"एका परातीत. दहा माणसं, दहा हात. तू कोण, मी कोण, काही नाही. आणि पाणी थेट नदीचं! बादली सोडायची, ओढायची, प्यायची. मला एक फ्रेंच पोरगा गोळ्या देत होता पाण्यात टाकायला. मी म्हटलं, हट्! हे लोक पितात ना, मग मीही पिणार."

"वा!" नाना म्हणाले. "याला म्हणतात समरस होणं."

बादली कुठल्या बाजूने सोडायची आणि संडास कुठल्या बाजूला होता, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. पण तेवढ्यात कुंदा वड्यांची ताटली घेऊन फिरू लागली आणि मी नंदूकडे बघायला लागले.

मला बघण्याची खोड आहे. घरात सगळे तिला चिंतेचा रोग म्हणतात. नंदूने ताटली पुढे आल्याबरोबर मान फिरवली. बटाटेवड्यावर तुटून पडणारा नंदू. कुंदाने "अहो, घ्या ना, माझ्या हातचे आहेत" म्हणून आग्रह केला तेव्हा त्याने तिच्याच ताटलीतला एक वडा उचलून मोडला, अर्धा परत टाकला, हातातला अर्धा तसाच धरून बसला. त्या परातीची सवय. कुंदाला तो उरलेला अर्धा वडा खाताना काय धन्य वाटत होतं! आणि ह्यांनी सिगारेटचं पाकीट पुढे केलं, तर तो म्हणाला, "नको. सोडली."

"सोडली?" हे चकित झाले. "तू?"

"सुटली. धूरच नको वाटतो आता."

"बघा!" आई सगळ्यांकडे वळून म्हणाली. "मी नवस बोलले, याच्या बाबांनी मारलं, सुटली नाही. त्या नदीने सोडवली."

"नाईल आहे, आई," नाना गंभीरपणे म्हणाले. "आपल्या गंगेसारखीच."

मी शुभाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. माझ्या डोक्यात लॅबमधल्या साहेबांचा आवाज आला. आमचे साहेब फार बोलत नसत, पण एकदा म्हणाले होते, पक्का विडीबाज एकाएकी विडीला शिवेना झाला, तर आधी त्याचं लिव्हर बघा, मग त्याचं अभिनंदन करा.

तेवढ्यात चादरीवर एक बाई आली. उंच, सडसडीत, डेकच्या कठड्याला टेकून बसलेली, मांडीवर मूल. मूल शुभाएवढंच असावं. मान मागे पडलेली, डोळे अर्धे मिटलेले, ओठ सुकलेले.

"हा माझा आवडता फोटो," नंदू म्हणाला. "काय शांती आहे बघा त्या चेहऱ्यावर. ही बाई चार दिवस अशीच बसून होती. हालचाल नाही, तक्रार नाही. आपल्याकडच्या बायका असत्या तर!"

सगळे हसले. आमच्याकडच्या बायकासुद्धा.

"मुलाला काय झालं होतं?" मी विचारलं.

"कुठल्या?"

"मांडीवरच्या. त्याच्या अंगातलं पाणी गेलंय सगळं. डोळे खोल गेलेत, दिसत नाही का? जुलाब होत होते ना त्याला?"

"असतील. बोटीवर निम्म्या लोकांना होत होते."

"मग पुढे?"

"पुढे काय?" तो जरा वैतागला. "कुठल्यातरी धक्क्यावर उतरले ते. ताई, हा प्रकाश बघ ना. मावळतीचा प्रकाश त्या कठड्यावर कसा आलाय."

मी प्रकाश बघितला नाही. त्याने पुढची स्लाइड लावली. पाणघोडा होता. सगळे "अगंबाई" म्हणाले.

सकाळी हे दाढी करता करता हसत होते. म्हणाले, "तुझा भाऊ भारी आहे. मला म्हणतो, भावजी, दोन वर्षांचं ऊन बाहेर पडतंय, लघवीसुद्धा कोऱ्या चहासारखी होतेय. नाईलचा रंग म्हणे."

"अहो, कावीळ आहे ती."

"झालं! सुरू झालं तुझं." ह्यांनी गालाला साबण लावला. "परवा मला क्षय होता. त्याच्या आधी शुभाला घटसर्प होता."

"त्याने सिगारेट सोडलीय. तळलेलं बघवत नाही त्याला. खाजवतोय सारखा. आणि तो तिच्या तोंडात हात घालणार आहे."

"अगं, दोन महिने थांबलोय आपण त्याच्यासाठी. सगळी सोसायटी येतेय. आता काय सांगायचं लोकांना?"

ह्यांच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. नंदू गॅलरीत आरामखुर्चीत पडला होता. हे एक त्याला बोटीवरून चांगलं जमायला लागलं होतं, पडून राहणं. सकाळचं ऊन सरळ तोंडावर. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"डोळे उघड."

"काय गं ताई सकाळी सकाळी..."

त्याने उघडले. डोळ्यांच्या पांढऱ्याला हळद लागली होती. पुसट होती, पण होती. रात्रीच्या दिव्यात कुणाला दिसली नसती.

"किती दिवस झाले?"

"कशाला?"

"तुला माहीत आहे कशाला."

त्याने आत बघितलं. आई आणि सासूबाई चांदीची वाटी घासत होत्या. मग तो हळूच म्हणाला, "पाच-सहा दिवस असतील. ओरडू नकोस ना. शुक्रवारी जुहूला क्लबात माझं व्याख्यान आहे, पेपरवाले येणारेत. तेवढं होऊ दे. मग जातो डॉक्टरकडे, प्रॉमिस."

म्हणजे त्याला माहीत होतं. मी रात्रभर, आपण उगाच तर संशय घेत नाही ना, म्हणून स्वतःशी भांडत होते, आणि याला पाच-सहा दिवस माहीत होतं.

"आणि आज?" मी विचारलं.

"आज काय? सोन्याची अंगठी खिरीत बुडवून जिभेला टेकवायची. एक सेकंदाचं काम. तू ना, ताई, लहानपणापासून अशीच भित्री. बोटीवर किती मुलं होती, मातीत लोळत होती, काही होत नाही."

"त्यांचं काय होतं ते बघायला तू थांबला होतास कुठे?"

त्याने डोळे मिटून घेतले. जणू मीच त्याचं ऊन अडवत होते.

मी आत जाऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, सख्ख्या भावाबद्दल असं अभद्र बोलताना तुला काही वाटत नाही? तो जग फिरून आला आणि तू चूल फुंकतेस, म्हणून पोटात दुखतंय तुझ्या. सासूबाई वाटी जोरात घासायला लागल्या.

ठीक आहे, म्हटलं. सांगून पटत नसेल तर दाखवू या.

मी पातेल्यातली थोडी खीर आधीच एका स्वच्छ पेल्यात काढून, झाकून, फडताळात वर ठेवली. मग कढईत तूप कढवलं. साजूक, भरपूर. लवंग टाकली. वास जिन्यापर्यंत गेला असेल.

दहा वाजता मंडळी जमली. पाट मांडला, रांगोळी काढली. शुभाला हिरव्या खणाचं परकर-पोलकं घातलं होतं. नंदू पाटावर बसला, दाढी विंचरून, ह्यांचा सिल्कचा कुडता घालून. सासूबाईंनी शुभाला उचललं आणि त्याच्या मांडीवर द्यायला वाकल्या.

"थांबा," मी म्हटलं. "आधी मामाचं तोंड गोड नको का करायला? दोन वर्षांनी आलाय."

"अगंबाई, हो की!" सासूबाई सरळ झाल्या. सकाळपासून पहिल्यांदा त्यांना मी सुनेसारखी वाटले. "आधी मामा."

मी वाटीभर खीर आणली आणि सगळ्यांसमोर तिच्यावर ते तूप ओतलं. गरम. खीर दिसेनाशी झाली. वाटी त्याच्या हातात दिली.

नंदूने वाटीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. त्याला कळलं.

"नंतर घेतो," तो म्हणाला.

"नंतर काय!" नाना गरजले. "अहो, शुभकार्य आहे. घ्या!"

"पोट जरा..."

"काही नाही होत पोटाला. साजूक तूप आहे," कुंदा म्हणाली. "माझा वडासुद्धा अर्धाच खाल्ला काल. आज नाही सोडायची!"

"घे रे राजा," आई म्हणाली. "माझ्यासाठी एक घास."

आपल्या लोकांचा आग्रह म्हणजे काय असतो, ते तो दोन वर्षांत विसरला असावा. नदीचं पाणी प्यायला कुणी त्याला आग्रह केला नव्हता. ते त्याने हौसेने प्यायलं. इथे मात्र नानांनी त्याचा दंड धरला, कुंदाने चमचा भरला, माझ्या नवऱ्याने टाळी वाजवली, आणि आमच्या सगळ्या सोसायटीने मिळून तुपाने थबथबलेला तो चमचा त्याच्या तोंडात घातला.

तो उठला. वाटी पाटावर पडली. मोरीपर्यंत पोचला जेमतेम.

मोरीची खिडकी पूर्वेला आहे. तो भिंतीला धरून वाकला होता, आई पाठ चोळत होती, नाना मागून "ऊन, ऊन बाधलंय" म्हणत डोकावत होते. मग त्याने तोंड वर केलं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि खिडकीतला सगळा उजेड त्या डोळ्यांत पडला.

नाना दोन पावलं मागे आले. "अरे," ते म्हणाले, "हे तर पिवळे आहेत."

"काल मी याने मोडलेला वडा खाल्ला हो!" कुंदा ओरडली.

काल समरस झालेली सगळी सोसायटी मग पाच मिनिटांत वेगळी झाली. कुणाला गॅसवर दूध आठवलं, कुणाला सासऱ्यांचं औषध. नाना प्रोजेक्टर घेऊन गेले आणि जाताना त्याचं हँडल रुमालाने पुसलं. त्यांना माझ्या घरातला साबण मागता आला असता. पण साबण वापरला तर चिंतेचा रोग म्हणतील, अशी भीती वाटली असेल.

मी ह्यांच्याकडे वळले. "टॅक्सी बघा," मी म्हटलं, "आणि त्याला डॉक्टरकडे न्या. तो कुडता परत घालायच्या आधी मला उकळायला द्या." नंदूला धरून ते निघाले, मागोमाग आई.

घरात मी, सासूबाई आणि शुभा उरलो. रांगोळीवर खीर सांडली होती. मी आधी ती जागा पुसली, हात कोपरापर्यंत धुतले, फडताळातून पेला काढला. शुभाला मांडीवर घेऊन पाटावर बसले.

"मामाशिवाय?" सासूबाई म्हणाल्या. आवाजात कालचा जोर नव्हता.

"मामाशिवाय."

"अंगठी तरी..."

"अंगठी त्याने घातली होती सकाळपासून. चमचा द्या."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग आत गेल्या, चमचा उकळत्या पाण्यातून काढून आणला आणि न पुसता माझ्या हातात दिला. शुभाने पहिल्या घासाला तोंड वेडंवाकडं केलं, निम्मा बाहेर काढला, मग जीभ फिरवली. आणि माझं मनगट दोन्ही हातांनी धरून चमचा ओढला. पेला संपेपर्यंत तिने तो सोडला नाही.

नंदूची कावीळ पुरती फुलली. व्याख्यान अर्थातच गेलं. तो अंधेरीला दोन महिने पडून राहिला, उसाचा रस पीत. लोक पुन्हा जमायला लागले, फक्त आता खुर्च्या दाराशी मांडून. नाईलने त्याला आतून ढवळून काढलं, असं तो सांगायचा, असं मला कळायचं. नाना तीन रविवार दहिसरला नदीपलीकडे एका बाबाकडे काविळीचं औषध घ्यायला गेले, झालेली नसताना. मी गेले नाही. मी रोज सकाळी शुभाला गॅलरीत उजेडात धरायची, कारण बॅलार्ड पिअरवर त्याने तिच्यासाठी माझ्या हातात दिलेली लाकडी बाहुली, घरी आल्यावर मी उकळण्याआधीच, तिने तोंडात घातली होती. शुभाला काही झालं नाही. हे मी आज लिहू शकते. तेव्हा मला ते माहीत नव्हतं, आणि माझी झोप गेली होती.

शुभाला नववा लागला तेव्हा आई आली. पिशवीतून चांदीची वाटी काढून ओट्यावर ठेवली. तिने नवी घेतली होती.

"नववाही विषमच असतो," ती म्हणाली. "तो बरा झालाय आता, डॉक्टरनी लिहून दिलंय. फार खंत करतो गं. म्हणतो, भाचीचा पहिला घास राहिला माझ्या हातचा. रविवारी आणू का त्याला? पुढच्या महिन्यात तो परत निघालाय. कुठलीशी दुसरी नदी आहे, ब्राझीलकडे."

शुभा जमिनीवर बसली होती. पुढ्यात ताटली, ताटलीत वरणभात, मऊ गाजर, आणि सासूबाईंनी हळूच सोडलेला पोळीचा तुकडा. सगळ्या तोंडाला माखलं होतं. ती दोन्ही हातांनी खात होती.

"आण ना," मी म्हटलं. "बघू दे त्याला. पण भरवायचं काय, ते त्यालाच विचार. ती आता जेवते."